उन्हाळ्यात डोंगरावर लग्न: पाचगणी-महाबळेश्वरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वाईत राहतो आणि पसरणी घाटाच्या वरची लग्नं उभी करतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं ऐकायला गोड नाहीत, पण ती आत्ता वाचलेली बरी. मांडव पडल्यावर ऐकून उपयोग नाही.

मे महिन्यात वर खरंच गार असतं का?

सावलीत असतं, उन्हात नसतं. दोन्ही गावं १,३०० मीटरच्या आसपास किंवा थोडी वर आहेत. त्यामुळे खाली वाईत पारा चाळिशीकडे झुकलेला असताना वर तो तिशीच्या आगेमागे राहतो. मात्र दुपारी बारा ते चार ऊन टोचतं, आणि शालू-शेरवानीतल्या माणसाला तर दुप्पट टोचतं. सूर्य कलला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि रात्री अंगावर शाल घ्यावीशी वाटते. पत्रिकेसोबत जो निरोप पाठवाल त्यात ‘एक शाल आणा’ असं लिहा. कोणी मनावर घेत नाही, आणि रात्री दहाला सगळे हॉटेलवाल्याकडे चादरी मागतात.

रीलमध्ये दिसतं तसं हिरवंगार मिळेल ना?

नाही. ती हिरवाई जुलै ते ऑक्टोबरची. एप्रिल-मे मध्ये पाचगणीची पठारं पिवळी, जवळजवळ सोनेरी असतात. गवत वाळलेलं, खाली तांबडा जांभा उघडा, आणि लांबचे डोंगर धुरकट. महाबळेश्वरकडचं जंगल सदाहरित असल्याने तिथे उन्हाळ्यातही दाट सावली मिळते. म्हणून पहिला निर्णय हा घ्या: मोकळं पठार आणि मोठं आकाश हवं असेल तर पाचगणीची बाजू, झाडांचा गारवा हवा असेल तर महाबळेश्वरची. दोन्ही एकाच जागी मागणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

कास पठाराबद्दलही विचारणा होते. तिथली फुलं ऑगस्ट-सप्टेंबरची. मेमध्ये तिथे कातळ दिसेल. शिवाय ते २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे मांडव घालायचा विचारही नको.

तारीख कशी निवडावी?

तीन गोष्टी एकमेकींवर ठेवून बघा: पंचांग, पाऊस आणि पर्यटक.

पंचांगात वैशाख हा लग्नाचा हक्काचा महिना. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे त्या दिवशी भटजी, केटरर आणि बस तिन्ही मिळणं अवघड. थोरल्या मुलाचं थोरल्या मुलीशी लग्न असेल तर बरीच घरं ज्येष्ठ टाळतात, तेव्हा दोन्हीकडच्या आज्यांना आधी विचारा. अधिक महिना आला तर सगळंच गणित हलतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ, म्हणजे उन्हाळी हंगामाचा उत्तरार्ध मुहूर्तांच्या हिशेबातून गेला. अशा वर्षी एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला पंधरवडा यांवर सगळ्यांची उडी पडते. पंचांग न मानणाऱ्यांची मात्र चांदी: जागा मोकळ्या आणि घासाघीस करायला वाव.

पावसाचं गणित सोपं. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. डोंगरावर त्याआधीच ढग येऊन बसतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणाच्या बाजूने धुकं वर चढतं. दिसायला ते सुंदर असतं, पण मांडवाच्या कापडाला नाही. आमचं मत विचाराल तर १५ एप्रिल ते १५ मे.

पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारी. वेण्णा तलावापाशी मेमधल्या शनिवारी वऱ्हाडाची बस तासभर अडकते. लग्न मंगळवारी किंवा बुधवारी करा. शाळांना सुट्टीच असते, नोकरदारांना दोन रजा टाकाव्या लागतील, पण येणारी माणसं खरी येणारी असतील.

पाऊस आला तर?

‘आला तर’ नाही. वळीव येणार असं धरूनच चाला. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घुसमट, तीनच्या सुमारास पूर्वेकडे काळे ढग, मग धुळीचा लोट, वीज, कधी गारा. अर्धा-पाऊण तास झोडपून तो निघून जातो आणि त्यानंतरची संध्याकाळ वर्षभरातली सर्वांत देखणी असते. हवा धुतलेली, मातीचा वास, धोम धरणाचं पाणी आणि मागे कमळगड अगदी स्पष्ट. डोंगरावरच्या लग्नातलं जे काही काव्य आहे ते या पाऊण तासानंतर मिळतं. प्रश्न फक्त तो पाऊण तास कोरडा काढण्याचा आहे.

सुरुवातीच्या वर्षांत आम्हीच मार खाल्ला. मंडप ठेकेदाराने पांढऱ्या कापडाचा सुंदर मांडव घातला होता. साडेतीनला वारा सुटला, कापडात पाणी साचलं, एक बाजू बसली. वरमाई हळदीच्या साडीत, केळीचे खांब आडवे, आणि स्वयंपाकी मसालेभाताच्या पातेल्यावर छत्री धरून उभा. माणसाला इजा झाली नाही हे नशीब. तेव्हापासून काही गोष्टींवर आम्ही तडजोड करत नाही.

पठारावर खाली जांभा दगड असतो, खुंटी आत जात नाही. ठेकेदार ‘जाते हो’ म्हणेल, पण जात नाही. खांबांना वाळू भरलेले ड्रम लागतात. कापडाचं सपाट छत नको, उतार हवा. आणि ज्या जागेत पक्क्या छताखाली सगळी माणसं, दाटीवाटीने का होईना, मावणार नाहीत, ती जागा घेऊच नये. मोठा व्हरांडा असलेला जुना बंगला यासाठी उत्तम. वीज कडाडत असताना एकट्या मोठ्या झाडाखाली किंवा कड्याच्या टोकावर फोटो काढायला कोणीही जायचं नाही, नवरदेवानेही नाही.

मग मुहूर्त किती वाजताचा धरावा?

सकाळी नऊच्या आतला किंवा गोरज. भटजी अकरा सदतीसचा मुहूर्त देतील. त्यांना नम्रपणे सांगा की वर उन्हात अंतरपाट धरणाऱ्यांनाच भोवळ येते. मेच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या आसपास असतो, त्यामुळे गोरज मुहूर्त वळिवानंतर आणि अंधाराआधी बरोबर बसतो. मंगलाष्टकं चालू असताना उजेड तांबूस होत जातो. अंतरपाट दूर होतो तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश असतो, त्याला फोटोग्राफरचा दिवा लागत नाही.

सकाळचं लग्न असेल तर वऱ्हाड आदल्या दिवशी मुक्कामी हवंच. पहाटे पुण्याहून निघून वेळेवर पोचतो म्हणणारे काका कधीच पोचत नाहीत.

जंगलात, कड्यावर किंवा टेबललँडवर लग्न लावता येतं का?

महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, मग ती लाजाहोमाची का असेना. सार्वजनिक पठारं आणि पॉइंट आपल्या समारंभासाठी अडवायचे नाहीत. खासगी आवार घ्या: बंगला, शेतावरचं घर, लहान हॉटेलचं अंगण. जागेच्या मालकाकडून कार्यक्रमाची परवानगी, आसनक्षमता आणि पार्किंग लेखी घ्या. ‘आपलंच आहे हो सगळं’ हे उत्तर चालणार नाही. फोटोंसाठी पॉइंटवर दोघंच पहाटे साडेसहाला जाऊन या.

सजावटीसाठी निसर्गाची थीम हवी आहे. काय सुचवाल?

आधी एक आठवण. प्लायवुडची फुलपाखरं, प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणि बॅटरीवरचे काजवे घेऊन एक सजावटकार ट्रकभर सामानासह वर आला होता. पन्नास पावलांवर खरं जंगल होतं.

आपल्याकडच्या लग्नाला निसर्गाची थीम बाहेरून आणावी लागत नाही, ती त्यात आहेच. विसरली गेली आहे एवढंच. मांडवडहाळे आठवा: लग्नाआधी गाडीभर हिरव्या डहाळ्या वाजतगाजत आणून मांडवावर टाकायच्या. देवक आठवा. कोणाचं कळंब, कोणाचं पंचपल्लव, कोणाचा वासनीचा वेल, कोणाचं मोरपीस. म्हणजे लग्नाच्या आधी दोन्ही कुळं आपापलं झाड घेऊन येतात आणि त्याच्या साक्षीने कार्य होतं. याहून निसर्गाशी जवळीक कोणती? दोन्ही घरांना आपापलं देवक विचारा आणि सजावट त्यावर बांधा. मागे एका लग्नात मुलाकडचं देवक कळंब होतं. पत्रिकेवर कळंबाचं चेंडूसारखं फूल, मांडवाच्या दाराशी कळंबाची दोन रोपं, आणि लग्नानंतर ती दोन्ही घरच्या अंगणात लावली. खर्च नगण्य. पण मुलीच्या आजीने त्या रोपाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा सजावट सार्थकी लागली असं वाटलं. ज्यांच्याकडे देवकाची प्रथा नाही त्यांनी घराजवळचं, आठवणीतलं एखादं झाड घ्यावं.

बाकी आंब्याच्या पानांचं तोरण, केळीचे खुंट, शेणाने सारवलेली जमीन आणि त्यावर रांगोळी, मातीचे माठ, बांबूच्या टोपल्या. बसायला खुर्च्यांना कव्हरं घालू नका, वाऱ्याने उडतात आणि दिसतातही भुतासारखी. वाईच्या बाजारात घोंगडी आणि सतरंज्या मिळतात. डहाळ्या मात्र आपल्या शेतातल्या किंवा विकत घेतलेल्या हव्यात, रस्त्याकडेच्या जंगलातून तोडलेल्या नव्हेत.

उन्हाळ्यात कोणती फुलं मिळतात?

मोगरा. बाकी यादी नंतर. एप्रिल-मेचा मोगरा वर्षातला सगळ्यात टपोरा असतो. मुंडावळ्या, गजरे, वरमाला, सगळं मोगऱ्यात करा. सोबत सोनचाफा, बकुळ, तगर, आणि रंगासाठी गुलाब-झेंडू. फुलं पुण्याच्या मार्केट यार्डातून रात्री निघावीत आणि ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून पहाटे घाट चढावीत. दुपारी आणलेली फुलं संध्याकाळी लिंबासारखी सुकतात.

झाडावर बघायला काय असेल ते वेगळं: घाटात बहाव्याचे पिवळे झुंबर, कुड्याची पांढरी फुलं, तामणीचा जांभळा बहर (ते आपलं राज्यफूल), गावात गुलमोहर, आणि नशीब असेल तर खोडाला निळी-जांभळी मखमल चढलेली अंजनी. ही बघायचीच. सीतेची वेणी (हे झाडावर वाढणारं ऑर्किड) फुललेली दिसली तर केसात माळायची हौस कृपया आवरा.

जेवणात काय ठेवावं?

हंगामावर भरवसा ठेवा. मेमध्ये हापूस आहे, करवंदं आहेत, जांभळं यायला लागलेली असतात. स्ट्रॉबेरी मात्र संपत आलेली असते. तिचा हंगाम हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत. मेच्या लग्नात ‘ताज्या स्ट्रॉबेरीचं दालन’ देणारा केटरर गोठवलेली फळं देणार, हे समजून चाला.

वऱ्हाड घाट चढून आलं की हातात पन्हं किंवा कोकम सरबत. जेवायला पंगत: मसालेभात, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी, कुरडया, पुरी-आमरस, मठ्ठा. बुफे वाऱ्यात गार होतो, पंगतीत अन्न गरम ताटात पडतं आणि वायाही कमी जातं. आमरस वाढायच्या वेळीच काढा आणि बर्फात ठेवा. खवा-पनीर दुपारभर उघड्यावर नको. वळीव येऊन गेल्यावर चारची वेळ साधून कांदाभजी आणि आल्याचा चहा. मोठ्या पंगतीपेक्षा या भज्यांची आठवण जास्त दिवस निघते, हा आमचा अनुभव.

पत्रावळी खऱ्या पानांच्या. थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. उष्टं-खरकटं खाली नेण्याची गाडी आधीच ठरवा, वर टाकलं तर रात्री रानडुकरं येतात.

पाण्याची अडचण येते असं ऐकलं, खरं का?

खरं. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात मेमध्ये टँकर फिरतात. पाणी उतारावरून कृष्णा-कोयनेला निघून जातं, जांभ्यात ठरत नाही. जागा घेताना स्वतः टाकी बघा आणि १०,००० लिटरचा एक टँकर जादा धरा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, माठात वाळा घालून. दोनशे छोट्या बाटल्यांपेक्षा वीस माठ दिसायलाही चांगले.

किती पाहुणे बोलवावेत?

शंभर ते दीडशे. त्यापुढे ते डोंगरावरचं लग्न राहत नाही, डोंगराला लागलेली जत्रा होते. गावकीला, ऑफिसला, सोसायटीला खाली घरी आल्यावर स्वागत समारंभाचं जेवण द्या. ‘आम्हाला का नाही बोलावलं’ हा प्रश्न येणारच. आईवडिलांनी त्याचं एकच उत्तर ठरवून घ्यावं आणि दोघांनीही तेच द्यावं.

आजी-आजोबांना घाट झेपेल का?

उंचीचा त्रास होण्याइतकं हे उंच नाही. त्रास वळणांचा होतो. पुण्याहून सुरूर फाट्याने वाई, तिथे अर्धा तास थांबा, ढोल्या गणपतीचं दर्शन, लिंबू सरबत, मग पसरणी घाट. वाई ते पाचगणी जेमतेम १२-१३ किलोमीटर. कोकणातून येणाऱ्यांना पोलादपूरहून आंबेनळी घाट. तो लांब आणि वळणांचा, अंधारात टाळा. पुढच्या सीटवर बसवा, आलेपाक द्या. आणि लग्नाच्या जागी खोल्या तळमजल्यावर आहेत ना, स्वच्छतागृह जवळ आहे ना, हे मांडवाच्या रंगाआधी बघा.

डीजे, फटाके, आकाशात सोडायचे कंदील, ड्रोन?

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा देशभरचा नियम. पाचगणीत तर शाळाच शाळा, आणि शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. सनई-चौघडा, पेटी-तबला ठेवा, दरीत सूर फार छान घुमतो.

फटाके आणि उडते कंदील: नाही. मेमधलं गवत काडेपेटीसारखं असतं, एका ठिणगीने अख्खी धार जळते. होमकुंडाशेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू.

ड्रोनला नियमानुसार नोंदणी हवी, आणि त्या हवाई हद्दीत तो उडवता येतो याची खात्री. पण ड्रोन नको म्हणण्याचं खरं कारण पुढच्या उत्तरात.

आग्या मोहोळाची एवढी भीती का घालता?

कारण उंच झाडांवर आणि कड्यांना ती खरोखर असतात, आणि धूर, उग्र अत्तर, मोठा आवाज यांनी उठतात. ड्रोनचं घोंघावणं भर घालतं. जागा ठरवताना स्थानिक माणसाला सोबत घेऊन झाडांचे शेंडे आणि छपराच्या वळचणी बघा. मोहोळ दिसलं तर लग्न हलवा, मोहोळ नव्हे.

याच माश्यांच्या जातभाईंमुळे इथला मध नावाजलेला आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पाहुण्यांना परतीची भेट म्हणून मधाची लहान बाटली द्या, चांदीच्या वाटीपेक्षा ती वापरली जाते.

आमचे अर्धे नातेवाईक अमेरिकेत आहेत. त्यांची उन्हाळी सुट्टी जून ते ऑगस्ट. मग?

त्यांचा उन्हाळा हा आपला आषाढ-श्रावण. त्या दिवसांत इथे समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. जुलैमध्ये डोंगरावर लग्न नकोच. एक तर जवळच्या चार माणसांनी मेमध्ये यावं, नाहीतर लग्न डिसेंबरात करा. तेव्हा आभाळ स्वच्छ, थंडी कडक आणि स्ट्रॉबेरी ताजी. थेट प्रक्षेपणावर विसंबू नका. दरीच्या बाजूला नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही.

नोंदणी विवाह वरच करता येईल?

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे दोघंही मुंबई-पुण्याचे असाल तर साताऱ्यात हे सहज जमत नाही. सरळ मार्ग: सह्या आपल्या शहरात, माळा डोंगरावर. धार्मिक विधीने लग्न झालं तरी नोंदणी करायचीच आहे. पत्रिका, फोटो आणि भटजींची सही जपून ठेवा.

पाचगणी फार गजबजलेली वाटते. दुसरी जागा?

माथेरान, जर पाहुणे पन्नासच असतील आणि चालणारे असतील. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, रुखवतापासून पातेल्यापर्यंत बहुतेक सगळं घोड्यावरून. पण इतकी शांतता दुसरीकडे नाही. विदर्भातल्यांनी चिखलदरा बघावं, खानदेशातल्यांनी तोरणमाळ, बेळगाव-गोव्याकडच्यांनी आंबोली, मात्र आंबोलीत मेच्या मध्याआधीच उरका. मेच्या अखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे चमकतात, तिथे लग्न लावू नका. दिवे आणि आवाज त्यांच्या विणीच्या आड येतात. लग्नानंतर दोघंच गुपचूप जाऊन या.

सगळ्या गडबडीत आम्हा दोघांना निवांत वेळ मिळेल का?

कोणी देणार नाही, तुम्हीच काढायचा. आमची युक्ती अशी. हळद आदल्या दिवशी सकाळी उरका. दुपारी सगळ्यांना भिलारला पाठवा. ते २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली, मंडळी दोन-तीन तास रमतात. तेवढ्यात तुम्ही दोघं क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जाऊन या. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान मानलेल्या त्या गोमुखाखाली हात धरा आणि लग्नाच्या कलशासाठी तांब्याभर पाणी आणा. फोटोग्राफरला सांगू नका.

रुखवत बाहेर अंगणात मांडलं तर चालेल?

चालेल, पण माकडांना पत्रिका द्यायची गरज नाही, ती येतातच. मागच्या वर्षी बेसनाच्या लाडवांचा एक पूर्ण मनोरा दहा मिनिटांत गेला. विहीणबाईंना शेवटपर्यंत संशय मुलाकडच्यांवर होता.